पूरक प्रश्न

(माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च १९८७)

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवण्याविषयीचे पत्र हाती आले, त्या संध्याकाळी महाविद्यालयातून परतताना मी वाट वाकडी करून शाळेच्या फाटकासमोर काही वेळ उभी राहिले. स्नेहसंमेलने, क्रीडादिन, पटांगणातला निंब यांविषयी माझ्या बरोबरीचे आणि मागचे-पुढचे पुष्कळ जण लिहितील याची मला खात्री आहे. मला लिहायचे आहे ते फक्त बाईंविषयी. आपल्या शाळेत बाई अनेक होत्या, परंतु नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंना कोणी कधी आडनावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. नुसते ‘बाई’ म्हटले की त्याच, एवढे आजही आमच्या तुकडीत सर्वांना पुरते.

नागरिकशास्त्र हा परीक्षेच्या दृष्टीने दुय्यम विषय होता आणि बहुतेक शाळांत तो इतिहासाच्या शेपटाला बांधूनच शिकवला जाई. बाईंकडे मात्र त्यासाठी खाकी कव्हर घातलेली एक स्वतंत्र वही असे आणि तिच्यावर ‘कामकाज’ एवढाच शब्द लिहिलेला असे. संसदेचे अधिवेशन चालू असले की रात्री आकाशवाणीवरून लागणारी ‘संसद समीक्षा’ त्या ऐकत, वहीत टिपणे करत आणि दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात त्यातूनच होई. तारांकित प्रश्न म्हणजे काय हे मला पाठ्यपुस्तकातून कधीच समजले नसते. बाईंनी फळ्यावर एक चांदणी काढली आणि सांगितले की, ज्या प्रश्नावर ही खूण असते त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून तोंडी द्यावे लागते आणि त्या उत्तरावर पूरक प्रश्न विचारता येतो. खूण नसेल तर लेखी उत्तर येते आणि पुढे काही विचारता येत नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत असे २० तारांकित प्रश्न असतात आणि त्यांतल्या थोड्यांचीच पाळी तासाभरात येते, हेही त्यांनीच सांगितले. त्यांचा सारा जीव त्या पूरक प्रश्नात होता. पहिला प्रश्न कोणीही लिहून आणतो, दुसरा मात्र उत्तर ऐकणाऱ्यालाच सुचतो, असे त्या म्हणत.

शाळा-महाविद्यालयांत अभिरूप, म्हणजे लुटुपुटूची, संसद भरवावी, अशी शिफारस १९६२ मध्ये मुंबईच्या अखिल भारतीय प्रतोद (सभागृहातल्या पक्षसदस्यांची शिस्त राखणारे) परिषदेत झाली होती आणि त्यानुसार १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा होत होत्या. हे बाईंच्या वाचनात आले होते. बडोद्याच्या एका मराठी शाळेला दिल्लीहून कोणी बोलावणे पाठवणार नाही हे उघड होते, म्हणून बाईंनी आपली संसद आपणच भरवायचे ठरवले आणि तिच्यासाठी २७ नोव्हेंबर हा दिवस मुक्रर केला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ साली त्या तारखेला आपल्या बडोद्यात झाला, ही गोष्ट नववीत येणाऱ्या प्रत्येक तुकडीला त्या अशा अभिमानाने सांगत की, दादासाहेब जणू त्यांच्याच वर्गातून शिकून गेले असावेत. चित्रकलेच्या दालनातली बाके त्या दिवशी अर्धवर्तुळात लावली जात. अध्यक्षपदी विद्यार्थी असे. बाई त्याच्या पुढ्यातल्या टेबलाशी महासचिव म्हणून बसत. अध्यक्ष उभा राहिला की बाकी सर्वांनी खाली बसायचे आणि जे बोलायचे ते समोरच्या सदस्याला उद्देशून न बोलता अध्यक्षांना उद्देशून बोलायचे, हे दोन नियम मोडलेले त्या खपवून घेत नसत.

शब्दांच्या बाबतीतही त्या तितक्याच काटेकोर होत्या. आम्ही घरी आणि रस्त्यावर आमदाराला ‘धारासभ्य’ म्हणत असू. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या एका मुलीला त्याचे हसू आले, तेव्हा बाईंनी तो पूर्ण तास सयाजीराव महाराजांच्या धारासभेवर, म्हणजे संस्थानच्या विधिमंडळावर, घेतला. १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाने पुढे दोनच वर्षांत धारासभा स्थापन केली, तिला अधिकार फार नव्हते, पण तो शब्द या मातीत रुजला आणि आजही आपल्या तोंडी आहे, असे सांगून त्यांनी आम्हांला ‘आमदार’ आणि ‘धारासभ्य’ हे दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहायला लावले.

आमची संसद १९८५ सालची. मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून ठरत. रावपुरा, मांडवी, वाडी, फत्तेपुरा, नवापुरा, कारेलीबाग, सलाटवाडा अशी नावे डब्यात असत आणि नियम एकच होता, की आपण राहतो तो भाग मिळाला तर चिठ्ठी परत टाकायची. मी रावपुऱ्यातली, माझ्या चिठ्ठीवर वाडी निघाली. ज्या भागाचे आपण प्रतिनिधी आहोत तिथे निदान दोनदा जाऊन, लोकांशी बोलून मगच प्रश्नाची सूचना द्यायची होती. चौदा वर्षांच्या मुलीने अनोळखी पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीतल्या दाट वस्तीत, जाऊन घरोघर चौकशी करणे माझ्या वडिलांना पसंत नव्हते. बाई स्वतः घरी आल्या, वडिलांशी बोलल्या आणि शाळेतल्या शिपाई मावशींना माझ्यासोबत पाठवण्याचे त्यांनी कबूल केले.

वाडीतल्या एका पोळमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींनी आम्हांला जिन्यातच बसवले. जिना लाकडी, उभा आणि काळोखी होता. धरायला कठड्याऐवजी दोर होता आणि प्रत्येक पायरीच्या कडेला कळशा ठेवून ठेवून गोल वळ उमटले होते. आजी म्हणाल्या, “पाणी तो आवे छे दीकरी, पण उपर चडतुं नथी.” मी मान डोलावली आणि वहीत काहीच लिहिले नाही, कारण एवढ्या साध्या वाक्याचे भाषणात काय करायचे ते मला कळले नाही. घरी येऊन मी माझा प्रश्न रचला. ज्या महाराजांनी आजव्याच्या सरोवराचे अमृत बडोदेकरांच्या ओठांपर्यंत आणले, त्यांच्याच नगरीत वाडीच्या माताभगिनींना पाण्याचा थेंबही मिळत नाही, याची मंत्रिमहोदयांना कल्पना आहे काय, असा तो होता. सभागृहात मी तो वाचला तेव्हा माझ्या बाजूच्या सदस्यांनी बाके वाजवली, आणि तो आवाज मला फार आवडला.

पाणीपुरवठा मंत्री झालेला आमचा वर्गमित्र शांतपणे उभा राहिला. त्याची आत्या त्याच भागात राहत होती आणि तिच्याकडे रोज सकाळी तासभर पाणी येत होते. सन्माननीय सदस्या सभागृहाला चुकीची माहिती देत आहेत, असे त्याने अध्यक्षांना सांगितले. मला उत्तर सुचेना. तेव्हा बाईंनी एक चिठ्ठी लिहून अध्यक्षांच्या हाती दिली आणि अध्यक्षांनी ती वाचून दाखवली: “सदस्यांनी ज्यांच्या वतीने प्रश्न विचारला आहे, त्यांचे नेमके शब्द सभागृहाला सांगावेत.” मी वही चाळू लागले, पण तिच्यात माझीच वाक्ये होती. दालनाच्या दाराशी, तास संपल्यावर घंटा द्यायला म्हणून उभ्या असलेल्या शिपाई मावशींना ते सहन झाले नाही आणि त्यांनी आजींचे वाक्य, जसेच्या तसे, गुजरातीत मोठ्याने म्हटले. प्रेक्षकांना सभागृहात बोलता येत नाही, हा नियम आम्हां सर्वांना पाठ होता. अध्यक्ष गोंधळून बाईंकडे पाहू लागला. बाईंनी सांगितले की, हे शब्द कामकाजात नोंदवता येणार नाहीत, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता तेच तुम्ही म्हणा, म्हणजे नोंद होईल.” मी ते वाक्य उभे राहून म्हटले. बाईंनी आपल्या खाकी वहीत ते लिहून घेतले.

त्यानंतर बाईंनी जे समजावून सांगितले, त्यावर माझे पुढचे सगळे आयुष्य चालले आहे असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पाणी येत नाही आणि पाणी चढत नाही हे दोन निराळे प्रश्न आहेत, असे त्या म्हणाल्या. “तुझ्या वाक्याला उत्तर द्यायचे तर दुसरे आजवा बांधावे लागेल, आजींच्या वाक्याला खाली एक टाकी आणि हातपंप पुरे आहे. आजींना काय हवे आहे हे त्यांनी तुला नेमके सांगितले होते, अगं, आणि तू ते दुरुस्त केलेस.” प्रश्न राखून ठेवला गेला. पुढच्या आठवड्यात मी दुरुस्त निवेदन केले, मंत्र्यांनी टाकीविषयी उत्तर दिले आणि माझ्या मते विषय तिथे संपला होता. बाईंच्या मते तो संपला नव्हता. उत्तर मिळाले ते आजींना जाऊन सांगितले का, असे त्यांनी विचारले, आणि मला तिसऱ्यांदा वाडीला जावे लागले. शाळेतल्या लुटुपुटूच्या मंत्र्याच्या उत्तराने त्या माळ्यावर पाणी चढणार नव्हते हे आजींना ठाऊक होते, तरी त्यांनी सुनेला आतून बोलावले आणि मला ते सर्व पुन्हा एकदा सांगायला लावले. आपले म्हणणे कुठेतरी गेले आणि तिथून परत आले, याचाच त्यांना आनंद झाला असावा.

त्याच अधिवेशनात आम्ही मतदानाचे वय २१ वरून १८ करण्याचे विधेयकही मंजूर केले होते. पुढे ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून ते खरोखरच १८ झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या लोकसभा निवडणुकीत आमच्या तुकडीने पहिले मत दिले. मतदान करून मी सरळ बाईंच्या घरी गेले आणि बोटावरची शाई त्यांना दाखवली.

आज मी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहते. २०१९ पासून केंद्र शासनाच्या युवा मंत्रालयाने १८ ते २५ वयोगटासाठी राष्ट्रीय युवा संसद महोत्सव सुरू केला. जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्र अशा त्याच्या पायऱ्या आहेत, आणि त्यासाठी दरवर्षी मुलामुलींची तयारी करून घेणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत आवडता भाग आहे. ज्या मध्यवर्ती सभागृहात संविधान सभा बसली, तिथे जानेवारी २०२१ मध्ये राज्याराज्यांतून निवडून आलेले तरुण बोलायला उभे राहिलेले मी दूरदर्शनवर पाहिले, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. हे भाग्य बाईंच्या एकाही विद्यार्थ्याला मिळाले नाही. तरीही मनातली खंत लिहिल्यावाचून राहवत नाही. या संसदेत प्रत्येक जण एकटा येतो, ठरलेल्या मिनिटांत ठरलेल्या विषयावर बोलतो, परीक्षक गुण देतात आणि तो खाली बसतो. समोर मंत्री नसतो, प्रतिपक्ष नसतो, पूरक प्रश्न नसतो. मुले उत्तम बोलतात, आमच्यापेक्षा कितीतरी उत्तम. पण जिल्ह्याचा प्रतिनिधी म्हणून उभ्या राहिलेल्या मुलाला, तू जिल्ह्यातल्या कोणत्या गल्लीत जाऊन आलास, असे कोणी विचारत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना भाषण लिहिण्याआधी मी चिठ्ठ्या उचलायला लावते, आणि आपली वस्ती निघाली तर चिठ्ठी परत टाकायला लावते.

२०२१ च्या त्या महोत्सवाच्या जिल्ह्याच्या आणि राज्याच्या फेऱ्या महामारीमुळे संगणकाच्या पडद्यावर झाल्या. आमची एक मुलगी राज्य फेरीपर्यंत पोचली. तिच्या चिठ्ठीत आलेल्या वस्तीतल्या एका बाईने तिला सांगितले होते, “फोन एक ने छोकरां त्रण.” (फोन एक आणि मुले तीन.) मुलीने संपूर्ण भाषण हिंदीत केले, परंतु ते एक वाक्य तिने गुजरातीतच ठेवले, आधी उच्चारले आणि मग त्याचा अर्थ सांगितला. प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे उभी राहून मी ते ऐकत होते. तिची निवड पुढे झाली नाही.

त्या रात्री मी बाईंना फोन केला. त्या तेव्हा मुलाकडे नाशिकला होत्या, ऐकायला कमी येत होते आणि सगळे मला दोनदा सांगावे लागले. भाषण कसे झाले, गुण किती पडले, यांतले त्यांनी काही विचारले नाही. त्या म्हणाल्या, “त्या बाईंना जाऊन सांगितलंत का?”

१० जानेवारीच्या रविवारी मी आणि ती मुलगी निघालो. उत्तरायण चार दिवसांवर आले होते आणि रस्त्याच्या कडेला खांबांना ताणलेल्या दोऱ्यांवर गुलाबी रंगाचा मांजा चढवला जात होता. ती बाई दारातच भाजी निवडत होती. मुखपट्टी खाली न घेता, दोन हात अंतरावर उभी राहून मुलीने तिला सांगितले की, तुमचे वाक्य मी गुजरातभरच्या मुलांसमोर बोलले, सर्वांनी ऐकले, पण तिथे उत्तर देणारे कोणी नव्हते. बाईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारले, “ने पछी?” (आणि मग?)

मुलीने पिशवीतून वही काढली.