ताडोबाला जायचंय आणि लेन्स घ्यायचीय? जरा थांबा

मावसभावाचा फोन आला, ताडोबाचं बुकिंग झालंय, १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेऊन टाकू का? (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) त्याला म्हटलं, आधी माझं ऐक.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मोहर्लीच्या बाजूला वाघीण पाणवठ्यातून उठली आणि सरळ आमच्या जिप्सीकडे चालत आली, पंधरा-सोळा फुटांवर, आणि माझ्या हातात भाड्याने आणलेली ५०० ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. फ्रेममध्ये नुसतं तोंड, तेही कान कापलेलं. शेजारच्या काकांनी १००-४०० शंभरवर आणली आणि अख्खी वाघीण घेतली, पंजे अजून ओले होते ते पण दिसतायत त्या फोटोत. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, ताडोबात झूमच पाहिजे, आणि लेन्स कुठे संपते यापेक्षा ती कुठून सुरू होते ते आधी बघा.

भिगवणला मात्र उलटं. उजनीच्या पाण्यात होडी कितीही हळू नेली तरी पक्षी लांबच राहतात, तिथे मी निकॉनची २००-५०० वापरतो, क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती ७५० सारखी दिसते. पण वजन २.३ किलो! नदी सुरय मासा धरायला सूर मारतो तेव्हा एवढं वजन हातावर फिरवायचं आणि शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू होऊ द्यायचं नाही, म्हणून दुकानात पाच मिनिटं धरून ठरवू नका, शनिवार-रविवार भाड्याने घ्या आणि मग बोला.

अजून एक, उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर रस्त्यावरची हवा थरथरायला लागते, लांबचा वाघ कितीही महागड्या लेन्सने काढा, मऊच, म्हणजे धूसरच येणार.

ट्रायपॉड घरी ठेवा, जिप्सीत त्याला जागाच नसते. लेन्स टेकवायला मी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवलीय, रिकामी न्यायची, तिथे पोचल्यावर तांदूळ भरायचे, आणि फोटोच्या वेळी ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगायचं.

सेकंडहँड घेत असाल, तर मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि पुढून तिरकं बघा. मुंबई-कोकणातल्या लेन्समध्ये बुरशी फार, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. दिसले की लेन्स परत द्यायची, किंमत कितीही कमी असू दे.

भावाने शेवटी १००-४०० भाड्याने घेतलीय, पिशवी माझी नेतोय.