उत्प्रेरक की विरजण?

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यानंतरच्या एका रविवारी, वाळपईपासून फार लांब नसलेल्या एका गावाच्या ग्रामसभेत माझ्या भाषांतरातील एकाच शब्दावर पाऊण तास चर्चा झाली. काजूप्रक्रिया आणि घरगुती पर्यटन यांचा एक प्रकल्प गावापुढे मांडायचा होता. संस्थेचा मूळ अहवाल इंग्रजीत होता आणि गावाने तो मराठीतून मागितला होता. (१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली, तरी त्याच कायद्यात मराठीलाही वाव आहे आणि माझा चरितार्थ बराचसा त्या तरतुदीवर चालतो.) चौदा पानांत ‘कॅटलिस्ट’ हा शब्द नऊ वेळा आला होता आणि मी नऊही ठिकाणी, कोश न उघडता, ‘उत्प्रेरक’ लिहून मोकळी झाले होते.

‘हा प्रकल्प गावाच्या परिवर्तनाचा उत्प्रेरक ठरेल,’ हे वाक्य वाचले गेले तेव्हा पुढच्या रांगेतील एक निवृत्त विज्ञानशिक्षक उठले. भाषांतर कोणी केले, असे त्यांनी विचारले. मी हात वर केला.

“बाय, शब्द बरोबर आहे, म्हणूनच विचारतो. उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी स्वतः होता तसाच उरतो. म्हणजे बदलायचे ते गावाने आणि संस्था आली तशीच राहणार, असेच ना?”

सभामंडपात हशा पिकला. संस्थेचे अधिकारी मात्र हसले नाहीत.

अहवालाच्या प्रती दोन दिवस आधी वाटल्या होत्या, त्यामुळे मास्तर तयारीने आले होते. पिशवीतून त्यांनी दोन काचेचे पेले, जखमा धुण्याच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणि बटाट्याचे काप काढले. कच्चा काप पेल्यात पडताच त्याच्या कडेने बारीक बुडबुडे धरू लागले आणि पाहता पाहता पांढरा फेस काठापर्यंत चढला. पेरॉक्साइडचे विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन तयार होणे एरवीही चालूच असते, परंतु इतके सावकाश, की बंद बाटली महिनोन्महिने टिकते. बटाट्यातील कॅटलेज नावाचे विकर तेच काम क्षणांत उरकते. मास्तरांनी तोच काप तांब्यातील पाण्याने धुऊन दुसऱ्या पेल्यात टाकला. पुन्हा फेस. मग पेला रिकामा करून त्यांनी ताज्या पेरॉक्साइडमध्ये उकडलेला काप टाकला, तेव्हा काहीच झाले नाही, कारण उष्णतेने ते विकर निकामी झालेले असते.

“जे मुळात घडणारच नाही, ते उत्प्रेरक घडवू शकत नाही,” ते म्हणाले. “आणि क्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी होणारी असेल, तर तो दोन्हींचा वेग सारखाच वाढवतो. तेव्हा पैसा जितक्या वेगाने गावात येईल, तितक्याच वेगाने बाहेर जाईल, हेही अहवालाला मान्य आहे काय?”

हा प्रश्न अधिकाऱ्यांना होता, मला नव्हे, तरी मान माझी खाली गेली. घरी येऊन मी जे आधी करायला हवे होते ते केले. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये ‘कॅटॅलिसिस’ ही संज्ञा मांडली, तेव्हा त्याच्या मनात पदार्थात दडलेली एक निराळी शक्ती होती; पुढे ओस्टवाल्डने प्रश्न शक्तीचा नसून वेगाचा आहे, असे ठरवले आणि त्याला १९०९ चे नोबेल मिळाले. आमचा अहवाल अजून बर्झेलियसच्या काळातच वावरत होता. मराठी शब्दातील ‘प्रेरक’ या भागामुळे तो गैरसमज अधिकच पोसला जातो, असे माझे मत आहे.

अधिकाऱ्यांनी सभेत बाजू सावरण्यासाठी “अहो, दुधाला विरजण लावतो, तसे समजा,” असे म्हटले होते. त्यावर महिला मंडळातील एका काकींनी त्यांना थांबवले होते: “विरजण होते तसे कुठे उरते? ते वाढते. आजच्या दह्यातले उद्या लावता येते.” मास्तरांनी मान डोलावली होती.

दुरुस्त प्रतीत मी ‘उत्प्रेरक’ आठ ठिकाणांहून काढला. कुठे ‘चालना’ लिहिले, कुठे ‘निमित्त’, तर दोन ठिकाणी संस्था नेमके काय करणार तेच लिहिले. त्या दोन वाक्यांसाठी मला संस्थेला तीनदा फोन करावा लागला. उरलेला एक उत्प्रेरक सांडपाणी शुद्धीकरणाच्या परिच्छेदात, रसायनशास्त्राच्या अर्थानेच, राहिला. प्रशिक्षित महिला इतरांना शिकवतील, त्या परिच्छेदात मात्र मी काकींना स्मरून ‘विरजण’ हा शब्द घातला आणि मनातून खूष झाले.

तीन दिवसांनी संस्थेतून फोन आला. वरिष्ठांना तो शब्द खटकला होता. लोक आनंदावर विरजण पडल्याचे म्हणतात, असे त्यांचे म्हणणे होते. यावर मला उत्तर सुचले नाही. छापील प्रतीत आता ‘शिकलेल्या बायका दुसऱ्या बायकांना शिकवतील’ एवढेच आहे.