सोळा तासांची पाळी आणि ओटी शून्य

२०१८ च्या मे महिन्याची सात तारीख, पगाराचा दिवस. जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक कारखान्यात मी टाईम ऑफिसला होतो. हजेरी, ओटी (ओव्हरटाईम), पगारपत्रक सगळं माझ्या हातून जायचं. दुपारी तीनला पहिली पाळी सुटली आणि अमळनेरकडचे एक आप्पा, एक्स्ट्रुडरवरचे (प्लास्टिक वितळवून आकार देणाऱ्या मशीनवरचे) जुने ऑपरेटर, भर उन्हात माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. हातात कॅलेंडरची चार पानं होती, जानेवारी ते एप्रिल. त्यातल्या नऊ तारखांभोवती पेन्सिलीचे गोल.

ज्या रात्री आप्पा घरी येत नसत, त्या तारखेला वहिनी गोल करून ठेवत. म्हणजे दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा, करायची आणि तिसरीचा माणूस आला नाही की तसंच सकाळी सातपर्यंत मशीनवर थांबायचं. डबल ड्युटी.

"भाऊ, रातभर मी घर उनू नही. मंग मना तास कोठे ग्यात?"

मी मस्टर काढलं. नऊही तारखांना ओटी शून्य. पंचिंगच्या वेळा मात्र बरोबर होत्या: आत दोन पंचावन्न, बाहेर दुसऱ्या दिवशी सकाळी सात पाच. तेव्हा लक्षात आलं की आमचं हजेरीचं सॉफ्टवेअर रात्री बारा वाजता दिवस कापत होतं. समजा पाळी सोमवारची, तर तीन ते बारा, नऊ तास सोमवारचे. बारा ते सात, सात तास मंगळवारचे. तेव्हाच्या कायद्यात दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम झालं तर ओटी होती, आणि इथे तर एकही दिवस नऊच्या पुढे जात नव्हता. त्या मस्टरवर दर महिन्याला माझीच सही होती. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ५७ मध्ये हे स्पष्ट होतं: पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे. म्हणजे सोमवारचे सोळा.

मॅनेजर साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, मंगळवारी आपण त्याला आराम दिला. सोमवारचे सोळा, बुधवार ते शनिवार बत्तीस, एकूण अठ्ठेचाळीस. ओटी आली कुठून?" आकडे बरोबर होते. पण कलम ५९ मध्ये "किंवा" होतं. दिवसाला नऊच्या वर किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीसच्या वर, कोणतंही एक झालं तरी दुप्पट दर. आठवडा भरला नाही म्हणून त्या दिवसाचा हक्क जात नव्हता. मी कायद्याचं पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे कागदावर आणलं तर सोळा तास दिसतील." खरी अडचण ती होती. ओटी धरूनसुद्धा दिवसाला साधारण मर्यादा तेव्हा दहा तासांची होती. मी म्हणालो, "साहेब, पहाटे पाचला, चौदाव्या तासाला, आप्पांचा हात मशीनमध्ये गेला असता तर आपण कोणतं मस्टर दाखवलं असतं?"

साहेबांनी पुस्तक स्वतःकडे ओढून पुन्हा वाचलं आणि सही केली.

हिशोब करताना आणखी एक चूक सापडली. ओटीचा दर नुसत्या मूळ पगारावर काढला जात होता. आप्पांचा मूळ पगार १०,४०० रुपये, महागाई भत्ता ३,१२०. बोनस सोडून भत्ते धरावे लागत, म्हणून १३,५२० ला २६ ने भागून दिवसाचे ५२०, तासाचे ६५. पूर्वी ५० धरत होते! बाकीच्या ओटीचा फरक वेगळा काढावा लागला.

आप्पांना खिडकीतून आत बोलावून शेजारी बसवलं.

"एका रात्रीचे सात तास, आप्पा."

"सात? आठ शेतस ना भाऊ?"

आठच होते, त्यांचं म्हणणं खरं. पण त्या कायद्यात दुप्पट दर नऊ तासांच्या पुढे सुरू होत होता, त्यामुळे दिवसाच्या हिशोबात नववा तास साधाच राहत होता. त्यात मंगळवारची हजेरी लागल्यामुळे या सात तासांचे एकपट पैसे पगारात आधीच मिळालेले होते. राहिले होते दुसरे एकपट. सात गुणिले ६५, म्हणजे ४५५. नऊ रात्रींचे ४,०९५. त्यांनी प्रत्येक गोलावर बोट ठेवत माझ्याबरोबर मोजलं. कमी का, हे पटेपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा सांगितलं. तो त्यांचा हक्कच होता.

पंधरा दिवसांनी फरक मिळाला. सॉफ्टवेअरवाल्याकडून दिवसाची सुरुवात सकाळी सात करून घेतली. डबल ड्युटी मात्र लगेच थांबली नाही; तिसऱ्या पाळीला दोन बदली माणसं घ्यायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर मी रोज सकाळी साडेसातला आदल्या रात्रीचे पंच हाताने तपासत होतो, आणि आप्पांच्या घरच्या कॅलेंडरवर गोल होतच होते.