ब्रेसलेटवरच्या सतरा ढाली: तारीख पंचवीस वर्षांनी चुकली

मागच्या नोंदीत मी छाती पुढे काढून लिहिलं होतं की हे ब्रेसलेट १९३७ चं आहे. ते विधान मागे घेते. ज्यांनी तेव्हाच शंका काढली होती त्यांना मी शेलकी भजी देणं लागते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर एका टोपलीत हे सापडलं. चांदीची साखळी, तिला बदामाच्या आकाराचं कुलूप आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या सतरा ढाली. प्रत्येक ढालीवर मीनाकामात (म्हणजे धातूवर वितळवलेल्या रंगीत काचेत) एकेका शहराचं किंवा प्रांताचं चिन्ह. परदेशात फिरायला गेलं की प्रत्येक गावाची एक ढाल घ्यायची आणि साखळीला अडकवायची, ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली मोठी हौस. "पारसी लेडी का है, मॅडम," एवढा इतिहास विक्रेत्याने फुकट दिला. तो मी बाजूला ठेवलाय. चोर बाजारातली निम्मी चांदी पारशी बायकांची आणि उरलेली कुठल्या ना कुठल्या संस्थानिकाची असते.

आता चूक कुठे झाली ते. कुलपाच्या मागे भिंगाखाली चार ठसे दिसतात. पहिला झिजलेला, घडवणाऱ्याच्या नावाच्या आद्याक्षरांचा. मग चालता सिंह, म्हणजे हजारात ९२५ कसाची चांदी. मग नांगर, म्हणजे बर्मिंगहॅम. (नांगर म्हटलं की आपल्याला आधी शेत आठवतं, पण हा जहाजाचा. बर्मिंगहॅमला समुद्राचं वारंही लागत नाही. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डला कस तपासून ठसा मारायचे अधिकार मिळाले, तेव्हा त्यांची माणसं लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खाणावळीत जमायची. नाणं उडवून एकाने मुकुट घेतला, दुसऱ्याने नांगर, असं सांगतात.) शेवटचा ठसा 'एन' हे अक्षर.

हे अक्षर वर्ष सांगतं, पण एकच वर्ष सांगत नाही. दर वर्षाला एक अक्षर, आणि बर्मिंगहॅमची फेरी 'आय' वगळून पंचवीस अक्षरांची. एक १९२५ ला सुरू झाली, दुसरी १९५० ला. म्हणजे 'एन' १९३७ चाही आणि १९६२ चाही. फरक अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या चौकटीत असतो. मी फक्त अक्षर वाचलं, आणि महायुद्धाच्या आधी बोटीने विलायतेला निघालेली कुणी बाई मनात उभी राहिली. एकदा ती उभी राहिल्यावर चौकट कोण बघतो! आता बर्मिंगहॅमच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी ठशाचा मोठा करून छापलेला फोटो ठेवून पाहिलं. १९६२. नेमकं सांगायचं तर जुलै १९६२ ते जून १९६३, कारण तेव्हा तिथलं अक्षर जुलैत बदलायचं. १ जानेवारीला बदलायला लागलं ते १९७५ पासून.

अर्थात ही तारीख कुलपाची. ढालींची नाही. या महिन्याचं सगळं काम या एका वाक्याभोवती फिरलं.

सतरापैकी अकरा ढालींच्या कड्यांना टाका मारलेला आहे (म्हणजे ज्योतीने तापवून सांधलेल्या) आणि सहांच्या कड्या नुसत्या दाबून बंद केलेल्या, यांना मी उघड्या कड्या म्हणते. वाटलं, टाक्याच्या ढाली आधीच्या, उघड्या कड्यांच्या नंतरच्या, सुटलं कोडं. पण हा पुरावा तितका सरळ नाही. मीनाकामाजवळ ज्योत नेली की काच तडकते, म्हणून सोनार कधीकधी मुद्दाम टाका टाळतो. उघडी कडी एवढंच सांगते की ही ढाल टाक्याशिवाय लावली. कधी, ते ढालीलाच विचारावं लागतं.

आणि ढाल फक्त अर्धं उत्तर देते. "याच्या आधीची नाही" हे ती ठामपणे सांगते, "याच्या नंतरची नाही" हे जवळजवळ कधीच सांगत नाही. टाक्याच्या अकरांपैकी ब्लॅकपूलला अधिकृत चिन्ह मिळालं १८९९ मध्ये, ब्रायटनला १८९७ मध्ये. कार्डिफला १९०५ मध्ये 'सिटी' हा दर्जा मिळाला आणि पुढच्या वर्षी त्याला चिन्ह मिळालं. लंडन सिटीचा लाल क्रॉस आणि तलवार तर शतकानुशतकं तशीच आहे. १९६२ च्या कुलपासमोर या तारखांचा काडीचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे ब्रोच आहेत त्यांनी मात्र त्या पाठ कराव्यात. "व्हिक्टोरियन", म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, म्हणून विकली जाणारी ब्लॅकपूलची ढाल फार तर दीडेक वर्षं व्हिक्टोरियन असू शकते.

उपयोगी ठरली ती टॉर्बे. टॉर्की, पेन्टन आणि ब्रिक्सम ही इंग्लंडच्या किनाऱ्यावरची तीन गावं १ एप्रिल १९६८ ला एकत्र करून टॉर्बे हा एकच नगर-कारभार तयार झाला. ढालीवर नाव टॉर्बे आहे, टॉर्की नाही. म्हणजे कुलपापेक्षा ही ढाल निदान पावणेपाच वर्षांनी धाकटी. हिची कडी उघडी आहे, हे बरंच झालं. गावाच्या नावाने तारीख लागावी यासारखं सुख नाही. माझ्याकडच्या एका चमच्यावर 'क्रिस्टियानिया' लिहिलंय. ते शहर १ जानेवारी १९२५ ला ऑस्लो झालं, तेव्हा चमच्याचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला होता.

उघड्या कडीची दुसरी ढाल बर्लिनची. उभं अस्वल आणि ढालीवर पानांचा मुकुट, ज्याच्या पट्ट्यावर विटांची भिंत आणि मधोमध दरवाजा. हे रूप पश्चिम बर्लिनने १९५४ मध्ये घेतलं. मागे ८३५ हा आकडा, म्हणजे जर्मन पद्धतीची हजारात ८३५ चांदी. इथे एक इशारा. ढालीमागे 'अल्पाका' असं लिहिलेलं दिसलं तर त्यात चांदीचा कणही नाही. तांबं, निकेल आणि जस्त. यालाच आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. हे मी आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "जर्मनची पातेली तर ॲल्युमिनियमची असतात." तिचंही बरोबर आहे. या धातूंच्या नावांत जर्मनीला मराठीने दोनदा गोवलंय.

पॅरिसची, जहाजाचं चिन्ह असलेली ढाल टाक्याच्या अकरांत. तिच्या कडीवर रानडुकराच्या मुंडक्याचा ठसा सापडला, मोहरीच्या दाण्याहून लहान. छोट्या चांदीच्या वस्तूंना पॅरिसमध्ये १८३८ पासून हा ठसा मारत, इतर प्रांतांत त्याच कामाला खेकडा असायचा. डुकराचा वापर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. म्हणजे ही ढाल कुलपाच्या बरोबरीची किंवा त्याहून जुनी. फ्रेंच ठसे शोधताना ढालीच्या पाठीवर वेळ घालवू नका, आधी कडी बघा. मी दोन संध्याकाळी पाठीवर घालवल्या.

आता स्वित्झर्लंड, जिथे खरी मजा आली. बर्नचं अस्वल, झुरिकची तिरपी निळी-पांढरी विभागणी, लुसर्नची उभी, आणि चौथी ढाल जुराची. एका बाजूला धर्मगुरूची वळणदार काठी, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरे सात पट्टे. जुरा हा कँटन (स्वित्झर्लंडचं एक घटक राज्य) १ जानेवारी १९७९ ला अस्तित्वात आला. त्याआधी कँटन बावीस मोजत, नंतर तेवीस. तुमच्याकडे सगळ्या कँटनांच्या ढालींचं पूर्ण ब्रेसलेट असेल तर आत्ताच मोजा. बावीस भरल्या तर संच बहुतेक जुना.

माझ्याकडे चारच आहेत, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. शिवाय जुराचं हे चिन्ह १९७९ चं नाहीच. बर्नपासून वेगळं व्हायचं म्हणून लढणाऱ्यांनी ते १९४७ मध्ये तयार केलं होतं, सात पट्टे म्हणजे सात जिल्हे. (नव्या कँटनात त्यांतले तीनच आले, पट्टे सातच राहिले.) तेव्हा सुटी जुराची ढाल १९७९ च्या आधीचीही असू शकते. इथे मदत केली ती रंगाने. बर्न, झुरिक आणि लुसर्नवर खरा मीना आहे, म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतात, सुईचं टोक घसरून जातं. जुरावर रंगाचा फुगीर थर आहे, कडेला सुई टेकवली तर ओरखडा उमटतो. ही भट्टी न लागणारी राळ. असं स्वस्त काम सत्तरच्या दशकातलं आणि पुढचं मी जास्त पाहिलंय. मी वहीत "१९७० नंतर, बहुधा १९७९ च्या आसपास" असं पेन्सिलीने लिहिलंय. पेनाने नाही.

एक अपघात कबूल करते. साखळी काळी पडली होती, म्हणून ॲल्युमिनियम फॉइल, धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी हा घरगुती उपाय केला. ढाली काढून न ठेवता. चांदी लखलखली आणि ब्रायटनच्या निळ्या किनारीचा एक टवका तळाशी जाऊन बसला. काच आणि धातू उष्णतेने सारखे फुगत नाहीत, त्यात जुनी चीर असली की संपलंच. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच करायला हवं होतं.

पण टवका उडाला तिथे खाली धातूवर आडव्या रेघा दिसल्या. आधी वाटलं मीना धरून राहावा म्हणून ओरखडे काढलेत. मग लक्षात आलं, आडव्या रेघा म्हणजे निळा! रंग नसलेल्या कोरीवकामात उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या की काळा. ही खूणपद्धत पेत्रा सांक्ता या जेझुइट विद्वानाच्या १६३८ च्या ग्रंथामुळे रुळली. म्हणजे हा साचा बिनमिन्याच्या ढालीसाठीही चालावा असा कोरलेला होता. मीना पूर्ण झडलेल्या ढाली टाकून देऊ नका, रेघा बघून शहर ओळखता येतं.

काल ब्रेसलेट घेऊन आमच्या पेठेतल्या सराफकाकांकडे गेले. त्यांनी तराजूत टाकलं आणि म्हणाले, "ताई, मोडीत घालायचं असेल तर मीना वजनातून वजा होईल." मोडीत नाही म्हटल्यावर त्यांनी उघड्या कड्या बघून लगेच टाका मारायची तयारी दाखवली. सहाही उघड्या कड्यांना दोरा घालून आणलाय, टाका एकीलाही मारू दिला नाही. टॉर्बेची कडी सर्वांत सैल आहे, तिला निळा दोरा दुहेरी बांधलाय.