चार पिक्सेलचा बुध आणि तापलेली गच्ची

मंडळी, अखेर सूर्यावरच्या डागाच्या आतला डाग दिसला! मधली काळी प्रच्छाया आणि भोवतीची करडी उपच्छाया, दोन्ही वेगवेगळ्या, आणि तेही त्याच जुन्या ७०-३०० मिमी झूम लेन्सवर.

१३ नोव्हेंबर २०३२ ला बुध सूर्यबिंबावरून ठिपक्यासारखा सरकेल, त्या अधिक्रमणाची तालीम आत्तापासून कशाला, असं घरचेही विचारतात. पण ९ मे २०१६ च्या अधिक्रमणात बुध १२ आर्कसेकंदांचा होता (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). नोव्हेंबरात तो आपल्यापासून जास्त लांब असतो, त्यामुळे जेमतेम १०. म्हणजे सूर्यबिंबाचा १९४ वा हिस्सा. ३०० मिमीवर माझ्या सेन्सरवर त्याच्या वाट्याला चार पिक्सेल येतात, तेही ओढूनताणून. म्हणून सूर्यावर साधारण सात हजार किलोमीटरचा डाग आला की तोच माझा सरावाचा बुध.

लेन्सची नळी आपोआप सरकण्याचा घोळ मास्किंग टेपने मिटला, हे मागे लिहिलंच होतं. तरी चित्र पिठूळ ते पिठूळच. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र (लाइव्ह व्ह्यू) दहापट मोठं करायचं, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि फोकस रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे. कड धारदार झाली म्हणून रिमोट दाबावा, तर तोवर ती विरघळलेली. लेन्स तापून फोकस हलतो म्हणतात, म्हणून तिच्यावर पांढरा पंचा टाकला. काडीचा फरक नाही. मग संशय लेन्सपुढच्या, सूर्यप्रकाश गाळणाऱ्या फिल्मवर. बाडर कंपनीच्या या फिल्मबद्दल माझी तक्रार नाही, पण विक्रेत्याने ती चक्क घडी घालून पाकिटात कोंबली होती. सुरकुत्यांनी फारसं बिघडत नाही, उलट ताणून बसवली तर बिघडतं. मात्र घडीवर बारीक भोक तर नाही ना, हे दर वेळी टॉर्चवर धरून बघतोच. तिथे हयगय नको.

उत्तर सापडलं ते सलग मारलेल्या फ्रेम एकामागून एक पळवल्यावर. फोकस चुकला असता तर सगळ्या फ्रेम सारख्याच फसल्या असत्या. इथे एका फ्रेममध्ये वरची कड स्वच्छ आणि खालची लोण्यासारखी वितळलेली, पुढच्या फ्रेममध्ये बरोबर उलट. दोष लेन्सचा नाही, हवेचा! आणि ही हवा आकाशातली कमी, माझ्या गच्चीच्या स्लॅबवरची जास्त.

म्हणून ट्रायपॉड उचलून दक्षिणेच्या कठड्याला नेला, म्हणजे लेन्सपुढे गच्ची उरतच नाही. कठड्यावर आणि पायाखाली ओली गोणपाटं टाकली. दर थोड्या वेळाने मग्याने पाणी मारायचं. आयएसओ २००, एफ/८, १/८०० सेकंद. बहुतेक फ्रेम अजूनही टाकाऊच निघतात, पण पिप या सॉफ्टवेअरमध्ये बिंब मध्यावर आणून निवडक फ्रेम एकावर एक रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्टला दिल्या आणि तो डाग उमलला. त्या रात्री मी तो मोठा करून इतक्यांदा पाहिला की घरात चेष्टा सुरू झाली.

खरं म्हणजे यात नवं काहीच नाही. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर उगाच नाही बांधली. भोवती पाणी असलं की जमीन तापून उठणाऱ्या झळा कमी. तेव्हा २०३२ ला गच्ची सोडून खडकवासल्याला जावं का? पुण्यात बुधाचा सूर्यबिंबाला पहिला स्पर्श दुपारी १२:११ ला, तेव्हा सूर्य त्या दिवसाच्या जवळजवळ सर्वात उंच जागी, ५३ अंशांवर. शेवटचा स्पर्श ४:३७ ला, सूर्य १७ अंशांवर, नैर्ऋत्येच्या जरा पश्चिमेला. धरणाच्या भिंतीपासून पाणी त्याच अंगाला पसरलेलं आहे. चौपाटीवर मात्र कणसांच्या शेगड्या! एवढी गोणपाटं भिजवून शेवटी कणसांच्या झळांतून बुध टिपायचा म्हणजे कठीणच. जरा आडबाजूचा काठ शोधायला हवा.

हे लिहितानाच सुचलं: तालमीसाठी नोव्हेंबरच कशाला? २९ जानेवारीच्या आसपास सूर्य पुन्हा त्याच क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १८ अंशांवर असतो. उंची तीच, वाट तीच, फक्त घड्याळात सगळं अर्धा तास उशिरा. म्हणजे वर्षातून दोनदा रंगीत तालीम. काठाचा शोध जानेवारीतच उरकतो.

आणखी एक. मित्राकडे ८३ पट झूमचा निकॉन पी९०० पडून आहे. त्याची खरी फोकल लांबी ३५७ मिमी, पण पिक्सेल इतके बारीक की बुध तेरा पिक्सेलांचा होईल. पुढची काचही साधारण माझ्या लेन्सएवढीच, ५५ मिमीच्या आसपास. आजवर मी या कॅमेऱ्यांना नाक मुरडत आलो, पण या कामाला तेच सरस ठरतील असं दिसतंय. अडचण एकच, पी९०० चा मॅन्युअल फोकस रिंगने फिरत नाही, बटणाने टप्प्याटप्प्याने सरकतो आणि झूम हलला की निसटतो. सूर्यावर तो टिकवण्याची युक्ती कुणाला जमली असेल तर सेटिंगसकट सांगा. फिल्मची टोपी मी पुठ्ठ्याची करायला घेतलीच आहे.