तपशील आधी की अर्थ आधी

नोकरीच्या ठिकाणी व्यक्तिमत्त्व चाचण्यांचे पेव फुटल्याला आता बरीच वर्षे झाली आहेत. प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी चहा-बिस्किटे होतात, प्रत्येकाच्या हाती मायर्स-ब्रिग्ज चाचणीची प्रश्नावली येते आणि दुपारच्या जेवणापर्यंत प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरांचे एक नवे गोत्र लाभलेले असते. या चार अक्षरांपैकी सर्वाधिक चर्चा होते ती पहिल्याची, म्हणजे अंतर्मुख की बहिर्मुख याची. मला मात्र दुसरे अक्षर अधिक विचार करण्याजोगे वाटते. तेथे माणूस संवेदनप्रधान आहे की अंतःप्रज्ञाप्रधान, म्हणजे जे समोर दिसते, ऐकू येते, मोजता येते त्याकडे त्याचे लक्ष आधी जाते की त्या सगळ्यामागच्या अर्थाकडे आणि पुढच्या शक्यतांकडे, हे पाहिले जाते. पहिल्या प्रकाराला ‘एस’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘एन’. ‘आय’ हे अक्षर अंतर्मुखांनी आधीच अडवून ठेवल्यामुळे इंट्युइशनला आपल्या दुसऱ्या अक्षरावर समाधान मानावे लागले.

ही विभागणी मुळात कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाची. 1921 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने मनाची चार कार्ये सांगितली: विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा. पुढे 1935 मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत त्याने हीच गोष्ट फार सोप्या रीतीने मांडली. काहीतरी आहे, हे संवेदन सांगते. ते काय आहे, हे विचार सांगतो. त्याचे आपल्या लेखी मोल काय, हे भावना सांगते. आणि ते कोठून आले व कोठे चालले आहे, याचा अंदाज अंतःप्रज्ञा देते. यातील विचार आणि भावना यांना तो विवेकी कार्ये म्हणतो, कारण दोन्हींत निवाडा असतो, तर संवेदन आणि अंतःप्रज्ञा यांना तो अविवेकी म्हणतो. त्याचा अर्थ ती मूर्खपणाची आहेत असा नसून, ती निवाडा करण्याआधीच घडतात असा आहे. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण एखाद्याने तपशील पाहिला की आशय, हे त्याने ठरवून केलेले नसते. त्याच्या ध्यानात आधी जे आले ते आले.

युंगचे हे लेखन 1923 मध्ये इंग्रजीत आले आणि कॅथरिन ब्रिग्ज या अमेरिकन गृहिणीच्या हाती पडले. माणसांच्या स्वभावाचे प्रकार पाडण्याचा त्यांचा स्वतःचा उद्योग तोवर सुरूच होता, आणि त्याला घरातलेच निमित्त होते असे सांगितले जाते: मुलगी इझाबेल हिने पसंत केलेला क्लॅरेन्स मायर्स हा तरुण पेशाने वकील, व्यवहारी आणि तपशिलाचा पक्का, म्हणजे मायलेकींच्या कल्पनाशील घरात अगदीच वेगळा होता. जावई आपल्यासारखा विचार का करत नाही, या प्रश्नाने जगात असंख्य सासवांना छळले असेल. त्यातून जगभर खपणारी चाचणी निघाली ती एवढ्या एकाच घरातून. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेलने प्रश्नावली तयार करायला घेतली, आणि 1962 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या परीक्षा संस्थेने ती संशोधनासाठी म्हणून प्रसिद्ध केली.

हा फरक रोजच्या बोलण्यात कसा दिसतो, हे पाहायला मला चाचणीची गरज कधी भासली नाही, कारण माझी आई आणि मावशी या दोघी एकाच लग्नाला जाऊन येतात तेव्हा आम्हाला दोन निरनिराळ्या लग्नांच्या हकिकती ऐकायला मिळतात. आईच्या हकिकतीत मुहूर्त अकरा बावन्नचा असून अक्षता बारा वाजून गेल्यावर पडल्या, मुलीचा शालू मोतिया रंगाचा होता, मठ्ठ्यात आले अंमळ जास्त झाले होते, आणि वरमाई विहिणीच्या पंक्तीला उशिरा आली व ताटावरून लवकर उठली, हे सगळे क्रमाने येते. मधला एखादा दुवा सुटला तर ती मागे जाऊन तो जोडून घेते आणि मगच पुढे सरकते. मावशीची हकिकत एका वाक्यात आटोपते: ‘‘दोन्ही घरांचं काही फारसं जमलेलं दिसत नाही गं.’’ कशावरून, असे विचारले तर ‘‘तसं वाटलं बाई’’ याखेरीज तिच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. गंमत अशी की, मावशीच्या निष्कर्षाचा पुरावा आईच्या हकिकतीत मठ्ठ्याच्या शेजारी पडलेला असतो, पण आईने तो पुरावा म्हणून सांगितलेला नसतो, आणि मावशीला तर आपण तो पाहिल्याचेही आठवत नसते.

या दोघींपैकी हुशार कोण, हा प्रश्न येथे निरर्थक आहे. मावशीने विहीणबाईंचे उठणे पाहिले नसते तर तिला काही वाटलेही नसते. म्हणजे डोळे दोघींचेही उघडेच होते. फरक आहे तो मनात काय साठवले गेले यात. आईने घडलेले साठवले आणि अर्थ मोकळा सोडला, तर मावशीने अर्थ साठवला आणि घडलेले टाकून दिले. म्हणूनच आईशी वाद घालणे सोपे असते, कारण तिचे प्रत्येक विधान तपासता येते. मावशीचे मात्र पटते तरी किंवा पटत नाही तरी, त्यात अधलेमधले काही करता येत नाही. उलट, आईला ‘‘थोडक्यात सांग’’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय असतो. तिच्या दृष्टीने तिने थोडक्यातच सांगितलेले असते.

मी एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करतो. हिशेबाचे काम म्हणजे संवेदनप्रधान माणसांचे राज्य अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण तेथे या दोन रीती शेजारी-शेजारी कशा चालतात याचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मालवाहतूक करणाऱ्या एका पुरवठादाराचा खातेउतारा आणि आमच्या पुस्तकातील त्याचे खाते यांच्यात 2,700 रुपयांचा फरक येत होता. आमच्याकडे देणे तेवढ्याने कमी दिसत होते. आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा दोन्ही उतारे छापून, पट्टी आणि लाल पेन घेऊन एप्रिलपासून एकेक नोंद टिक करत बसला. विभागातील ज्येष्ठ बाईंनी आकड्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘नवानं भाग जातोय. आकडे उलटे पडलेत कुठेतरी. हजार आणि शतक बघ, दोन्हींत तीनचा फरक असलेलं बिल शोध.’’ बिल सापडायला वेळ लागला नाही: 8,530 रुपयांचे बिल पुस्तकात 5,830 असे चढले होते.

नवाचे हे गणित लेखापालांच्या पिढ्यान्‌पिढ्या वापरातले आहे. शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी पडले की येणाऱ्या फरकाला नवाने नेहमीच भाग जातो, आणि हजार व शतक यांची अदलाबदल झाली असेल तर फरक नऊशेच्या पटीत येतो. पण बाईंच्या डोक्यात हा भागाकार त्या वेळी चालला असेल असे मला वाटत नाही. त्यांना तो आकडा तसा ‘दिसला’. नव्या मुलाने नंतर कौतुकाने ‘‘मॅडमचं इंट्युइशन जबरदस्त आहे’’ असे म्हटले, आणि कौतुक म्हणून ते योग्यच होते.

परंतु त्या मुलाने हाती घेतलेले टिक करण्याचे काम अर्धवट सोडले नाही, आणि मार्चपर्यंत पोहोचल्यावर त्याला दुसरी एक चूक सापडली. त्या पुरवठादाराचे 1,180 रुपयांचे एक ठरावीक बिल दरमहा येत असे, म्हणजे 1,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. त्यातील एका महिन्याचे बिल दोनदा चढले होते आणि पुढच्या महिन्याचे चढलेच नव्हते. शिल्लक रकमेवर याचा परिणाम शून्य होता, त्यामुळे कोणत्याही फरकात ते उमटले नव्हते आणि कितीही तयार नजरेला ते दिसण्याची शक्यता नव्हती. बिल क्रमांकाला बिल क्रमांक लावून पाहिल्याशिवाय असली चूक हाती लागत नाही, आणि ती तशीच राहिली असती तर एकाच बिलावर दोनदा करसवलत घेतल्याचे पत्र आज ना उद्या आले असते. नमुना ओळखणाऱ्याला फक्त नमुना मोडलेला दिसतो. जेथे दोन चुका मिळून नमुना शाबूत ठेवतात तेथे ओळ न ओळ वाचणाऱ्याला पर्याय नाही.

आता बाईंच्या ‘दिसण्या’कडे पुन्हा वळतो, कारण या दोन प्रकारांची विभागणी मला येथेच सर्वांत कमकुवत वाटते. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली असता तरबेज खेळाडूने ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडली, पण तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरून दाखवली तेव्हा त्याची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. वर्षानुवर्षे पाहिलेल्या डावांमुळे त्याला मोहऱ्यांचे समूह ओळखीचे झाले होते. अंतःप्रज्ञा म्हणजे ओळख पटणे, त्याहून अधिक काही नाही, असे सायमनने पुढे म्हटले आहे. आमच्या बाईंनी उमेदीची सगळी वर्षे आधी हाताने लिहिलेल्या खतावण्यांवर आणि मग संगणकावर टिक मारण्यात घालवली आहेत. त्यांची अंतःप्रज्ञा हे त्या टिकांचेच व्याज आहे, आणि तो मुलगा टिक करत राहिला तर त्यालाही काही वर्षांनी आकडे असेच दिसू लागतील. अर्थात सगळी अंतःप्रज्ञा अशी कमावलेली असते असे नाही. मावशीची लग्नघरातली नजर आम्ही तिच्या तरुणपणापासूनच ऐकत आलो आहोत.

मानसशास्त्राच्या संशोधकांनी या चाचणीवर घेतलेले आक्षेप वेगळे आहेत आणि मला ते रास्त वाटतात. ‘एस’ आणि ‘एन’ अशा दोन जाती खरोखर असत्या, तर लोकांचे गुण दोन टोकांना जमलेले दिसले असते. प्रत्यक्षात बहुतेकांचे गुण मधोमध पडतात. त्यामुळे रेषेच्या किंचित अलीकडचा आणि किंचित पलीकडचा, असे दोन जवळजवळ सारखे लोक दोन निराळ्या गटांत जाऊन बसतात, आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचे एखादे अक्षर बदललेले निघते. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी 1989 मध्ये दाखवून दिले की, हे दुसरे अक्षर ज्या गोष्टीचे मोजमाप करते ती पंचघटक सिद्धांतातील, म्हणजे व्यक्तिमत्त्व पाच मूळ घटकांवर मोजणाऱ्या सिद्धांतातील, ‘अनुभवांविषयीचा खुलेपणा’ या घटकाशी बरीचशी जुळते, मात्र तो कमीअधिक असणारा गुण आहे, दोन कप्पे नव्हेत. खुद्द युंगला तरी हे कप्पे कोठे हवे होते? पाहताक्षणी माणसांना चिठ्ठ्या चिकटवत सुटणे हा पोरखेळ असल्याचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

कप्पे करण्यापेक्षाही मला खटकते ती त्यांची उतरंड. या विषयावर इंटरनेटवर जे लिहिले जाते त्यात अंतःप्रज्ञाप्रधान माणूस द्रष्टा, मौलिक, एकाकी प्रतिभावंत असतो आणि संवेदनप्रधान माणूस नियमावर बोट ठेवणारा कारकून असतो. हे लिहिणारे बहुधा स्वतःला पहिल्या गटात मोजतात, हे सांगायला नकोच. इझाबेल मायर्स स्वतः अंतःप्रज्ञाप्रधान असूनही त्यांनी या बाबतीत अधिक न्यायाने विचार केला होता. वेळेच्या बंधनात घेतलेल्या बुद्धिमापन चाचण्यांत संवेदनप्रधान मुले मागे पडतात याचे कारण त्यांना कमी कळते हे नसून, ती प्रश्न पुन्हा-पुन्हा वाचून खात्री करून घेतात हे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तीन तासांचे गणित करत बसलेल्या ज्या मुलांना ‘‘प्रश्न एकदाच वाच, पुढे चल’’ असे बजावले जाते, त्यांच्यापैकी काहींच्या स्वभावाविरुद्धच तो सल्ला जात असणार.

आमच्या कार्यालयात प्रशिक्षणाच्या दिवशी त्या ज्येष्ठ बाईंच्या कागदावर ‘एस’ आला आणि नव्या मुलाच्या कागदावर ‘एन’. सगळ्यांना आश्चर्य वाटले, पण प्रश्न वाचले तर त्यात आश्चर्य काही नाही. तुम्हाला वस्तुस्थिती अधिक महत्त्वाची वाटते की शक्यता, या प्रश्नावर जन्मभर व्हाउचर तपासलेली बाई दुसरे काय उत्तर देणार, आणि तेविशीतला मुलगा शक्यता सोडून वस्तुस्थितीला का कवटाळील? प्रश्नावली माणसाला तू स्वतःला कसा समजतोस एवढेच विचारते. तो 2,700 चा फरक समोर आल्यावर काय करतो, हे तिला कळण्याची सोय नाही. शिवाय उत्तर कोठे बसून दिले, यावरही ते अवलंबून असते. सही-शिक्क्यावाचून एकही बिल पुढे न सरकवणाऱ्या याच बाई लेकीच्या लग्नाची खरेदी करायला गेल्या, तेव्हा दुकानाच्या पायरीवरूनच ‘‘इथे नाही मिळायचं आपल्याला’’ म्हणून मागे फिरल्या, असे त्यांची लेक सांगते.