स्टेट कोर्टातला दावा फेडरल कोर्टात नेताना: अर्ज नाही, नुसती नोटीस

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावा लागला की तो राज्याच्या कायद्याखाली आहे की संसदेच्या, याने कोर्ट बदलत नाही. दावा दुसरीकडे न्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली अर्ज, समोरच्याचं म्हणणं, युक्तिवाद आणि मग आदेश. परराज्यात न्यायचा तर कलम 25 आणि थेट सुप्रीम कोर्ट. अमेरिकेत स्टेट (राज्यांची) आणि फेडरल (केंद्राची) अशी कोर्टांची दोन वेगळी घराणी आहेत, आणि ठरावीक दाव्यांत प्रतिवादी स्वतःच प्रकरण उचलून फेडरल कोर्टात नेतो. आधी परवानगी मागायची नसते. याला 'रिमूव्हल' म्हणतात. हा हक्क फक्त प्रतिवादीचा. वादीवर उलट दावा झाला तरी त्याला तो मिळत नाही, हे 1941 पासून पक्कं आहे.

खटाटोप कशासाठी? न्यू जर्सीच्या कोर्टात दिवाणी ज्युरीच्या सहापैकी पाच जणांचं मत पुरतं, फेडरल कोर्टात एरवी सगळ्यांचं एकमत लागतं, म्हणजे वादीला जिंकणं अवघड. विमा कंपन्यांचे वकील रिमूव्हलच्या मागे असतात ते उगाच नाही.

आत शिरायच्या वाटा मुख्यतः दोन. एक, वादीच्या तक्रारीतच (म्हणजे वादपत्रातच) फेडरल कायद्याचा मुद्दा असणं. तो प्रतिवादीच्या बचावात असून भागत नाही. दुसरी 'डायव्हर्सिटी': वादी एका राज्याचे नागरिक (म्हणजे तिथे कायमचं घर असलेले अमेरिकन नागरिक), प्रतिवादी दुसऱ्या राज्याचे किंवा परदेशाचे, आणि व्याज व खर्च सोडून रक्कम 75,000 डॉलरच्या वर. बरोबर 75,000 असेल तर दार बंद.

आपली माणसं अडकतात ती या दुसऱ्या वाटेवर, कारण इथे व्हिसाचा प्रश्न येतो. समजा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गाडी ठोकली आणि न्यू जर्सीच्याच अमेरिकन माणसाने न्यू ब्रन्सविकच्या स्टेट कोर्टात दावा लावला. प्रतिवादी एच-1बीवर (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर) असेल तर कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिक. दोघं एकाच गल्लीत राहत असले तरी डायव्हर्सिटी आहे. त्याच प्रतिवादीकडे ग्रीन कार्ड असेल आणि कायमचं घर न्यू जर्सीत असेल, तर नाही. दोन्हीकडे फक्त भारतीय नागरिक असतील तरी नाही. सगळ्यात विचित्र अवस्था अमेरिकन पासपोर्ट घेऊन पुण्यात कायमचं परतलेल्याची: तो कुठल्याच राज्याचा नागरिक नाही आणि परदेशीही नाही, म्हणून या वाटेला त्याचा उपयोग शून्य. शिवाय फक्त डायव्हर्सिटीवर जात असाल आणि समन्स बजावलेला एखादा प्रतिवादी दावा लागला त्याच राज्याचा नागरिक असेल, तर रिमूव्हल चालत नाही.

मुदत 30 दिवस, आणि ती समन्स रीतसर बजावल्यापासून. फॅक्सने आलेल्या सौजन्य प्रतीने (बजावणी न करता नुसती माहितीसाठी पाठवलेल्या प्रतीने) घड्याळ सुरू होत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये ठरवलं. बजावणीचा दिवस धरायचा नाही. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. न्यू जर्सीत नुकसानभरपाईच्या तक्रारीत बहुधा आकडा लिहायचाच नसतो, त्यामुळे दावा 75,000 च्या वर आहे हे नंतरच्या एखाद्या कागदातून पहिल्यांदा कळलं, तर 30 दिवस तिथून मोजता येतात. मात्र डायव्हर्सिटीच्या प्रकरणात दावा लागून वर्ष उलटलं की संपलं, वादीने मुद्दाम लपवाछपवी केली असेल तेवढा अपवाद.

कागद फार नाहीत. नोटीस ऑफ रिमूव्हल, आपल्याला बजावलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती, सिव्हिल कव्हर शीट (दाव्याची थोडक्यात माहिती देणारा फॉर्म), नागरिकत्वाचं निवेदन आणि सध्या 405 डॉलर फी. समन्स बजावलेल्या प्रत्येक प्रतिवादीची संमती लागते. एकाने मान हलवली नाही तर गाडी तिथेच थांबते. नोटिशीत हमखास होणारी चूक म्हणजे 'वादी न्यू जर्सीचा रहिवासी आहे' हे वाक्य. लिहायला हवं 'नागरिक'. राहणं आणि नागरिकत्व वेगळं, आणि न्यायाधीश या एका शब्दावरून खुलासा मागतात. पक्षकार एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) असेल तर तिची नोंदणी कुठली हे निरुपयोगी. प्रत्येक सदस्य कुठला नागरिक ते सांगावं लागतं, सदस्य पुन्हा एलएलसी असेल तर तिचेही सदस्य. नोटीस दाखल केल्यावर वादीला लगेच लेखी कळवायचं आणि तिची प्रत स्टेट कोर्टाच्या क्लार्ककडे द्यायची. हे दुसरं काम राहून जातं, आणि ती प्रत पोचल्यावरच स्टेट कोर्टाचं काम थांबतं. उत्तर आधी दिलं नसेल तर त्याचीही तारीख बदलते: तक्रार मिळाल्यापासून 21 दिवस किंवा नोटीस दाखल केल्यापासून 7 दिवस, यातलं जे उशिरा येईल ते. शेवटच्या दिवशी रिमूव्हल केलेल्याच्या हातात आठवडाच उरतो.

वादी गप्प बसत नाही. मुदत, संमती असल्या त्रुटींवर त्याला 30 दिवसांत 'रिमांड', म्हणजे प्रकरण स्टेट कोर्टात परत पाठवण्याचा आदेश, मागावा लागतो. अधिकारक्षेत्रच नसेल तर अंतिम निकालापर्यंत कधीही, आणि कोर्ट आपणहूनही परत पाठवतं. जानेवारी 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने वादीला आणखी एक डाव दिला: तक्रार दुरुस्त करून फेडरल मुद्दे वगळले आणि दुसरा आधार उरला नाही, की प्रकरण माघारी. रिमूव्हलला काही वाजवी आधारच नव्हता असं दिसलं तर वादीच्या वकिलाची फीही प्रतिवादीवर पडू शकते. त्रुटी किंवा अधिकारक्षेत्र या दोन कारणांवर झालेल्या रिमांडवर सहसा अपील नाही. दावा न्यू ब्रन्सविकला जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो.